चप्पल हुंगवून फेफरे जात नाही

भरल्या वर्गात पोरगे पडते. डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो. बाकीची पोरे ओरडत बाहेर पळतात. तेवढ्यात कोणीतरी पायातली चप्पल काढून पोराच्या नाकाला लावतो, दुसरा कांदा फोडून आणतो, तिसरा मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात आणि गाव म्हणते, ‘‘बघा, चप्पल हुंगवली म्हणून वाचले!’’

खरी गोष्ट अशी की, बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात. चप्पल लावली काय अन् न लावली काय. पण श्रेय चपलेला मिळते आणि पोराची वाट दवाखान्याऐवजी भगताकडे वळते.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका पोरीचे असेच झाले. तीन वर्षे अंगारे-धुपारे, उतारे, कोंबडी-बकरी. चौथ्या वर्षी ती चुलीपाशी असताना झटका आला, हात भाजला, तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि झटके थांबले. घरात सण झाल्यासारखे वाटले. पण तिसऱ्या महिन्यात दवाखान्यातली गोळी संपली. ‘‘पुढच्या आठवड्यात या.’’ बापाने मजुरी बुडवून दोन खेपा घातल्या, तिसरी घातली नाही. पंधरा दिवसांत पोरगी पुन्हा पडली आणि भगत म्हणाला, ‘‘मी सांगत नव्हतो?’’

आता यात चूक कोणाची? एकट्या बापाची म्हणून मोकळे होता येणार नाही. भगताइतकाच मधेच तुटणारा गोळीचा पुरवठाही दोषी आहे, आणि त्याबद्दल ग्रामसभेत ब्र न काढणारे आपण सगळे दोषी आहोत.

आजार काय, ओळखायचा कसा?

कोणी फेफरे म्हणते, कोणी मिरगी, आकडी, फीट. नाव काहीही असो, हा मेंदूचा आजार आहे. मेंदूचा कारभार बारीक विजेच्या संकेतांवर चालतो. तो एकाएकी बिघडला की झटका येतो. हा आजार शिवल्याने लागत नाही, फेस अंगावर उडाल्यानेही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि त्यातले सुमारे ८० टक्के आपल्यासारख्या गरीब वा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि नीट औषध मिळाले तर १०० पैकी ७० जण झटक्यांविना जगू शकतात, असे हीच संघटना सांगते.

डॉक्टरसमोर झटका क्वचितच येतो. म्हणून निदान निम्मे तरी बघणाऱ्याच्या सांगण्यावर ठरते. सुरुवात एका हातापासून झाली की सगळ्या अंगात एकदम? मान कोणत्या बाजूला वळली? किती मिनिटे चालले? शुद्ध होती का? आई आणि गुरुजी यांनी हे नीट सांगितले तर मोठ्या यंत्रापेक्षा जास्त उपयोग होतो. आता घरोघरी मोबाइल आहे. एकाने पोराला सांभाळावे, दुसऱ्याने चित्रण करावे आणि ते फक्त डॉक्टरला दाखवावे. गावभर पाठवू नये. डोक्याला तारा लावून काढतात तो मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, चांगला आला म्हणून फेफरे नाही असे ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा.

उलट प्रत्येक झटका म्हणजे फेफरे नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना तापात झटका येतो. ती बहुतेक लेकरे पुढे ठणठणीत राहतात. मात्र पहिल्या वेळी दवाखान्यात दाखवलेच पाहिजे, कारण मेंदूज्वरही असू शकतो.

काही फेफरे तर झटक्यासारखे दिसतच नाही. शाळेतली पोर पाढा म्हणता म्हणता दहा-पंधरा सेकंद टक लावून गप्प होते आणि पुन्हा सुरू होते. असे दिवसातून अनेकदा. गुरुजी म्हणतात ध्यान नाही, छडी बसते. तान्ह्या बाळाचा प्रकार याहून फसवा. बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा पुढे वाकते, हात पसरते, जणू सलाम करते. आजी म्हणते पोटात मुरडा आहे. १८४१ साली इंग्लंडमधील डॉ. वेस्ट यांनी आपल्या स्वतःच्या मुलाचे असे वाकणे पाहून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेला पत्र लिहिले, तेव्हा जगाला हा आजार कळला. यात उपचाराला जेवढा उशीर, तेवढी बाळाची बुद्धी मागे पडण्याची भीती. इथे थांबणे परवडत नाही.

संशोधन खेड्यातच झाले आहे

‘‘ही सगळी शहरातली, श्रीमंतांची औषधे,’’ असे काही शिकलेले लोकही म्हणतात. तसे नाही. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून फेफऱ्यावर वापरात आहे आणि अतिशय स्वस्त आहे. १९९६ साली इंग्लंडमधल्या एका चाचणीत ते पहिल्या १० मुलांना दिले. त्यातल्या ६ जणांना त्रास झाला म्हणून त्या चाचणीत ते पुढे दिलेच नाही. मग गरिबाने काय करायचे? हा प्रश्न घेऊन डॉ. देव पाल आणि सहकारी पश्चिम बंगालच्या खेड्यांत गेले. २ ते १८ वर्षांची ९४ मुले घेतली. निम्म्यांना फेनोबार्बिटोन, निम्म्यांना फेनिटॉइन, आणि वर्षभर घरी जाऊन पाहणी. १९९८ साली निकाल छापून आला. झटक्यांवरचा काबू दोन्हीकडे सारखाच होता आणि फेनोबार्बिटोनमुळे मुलांच्या वागण्यात जास्त बिघाड दिसला नाही. म्हणजे स्वस्त गोळी खेड्यातल्या पोरांना चालते, हे खेड्यातच तपासून झाले आहे. याला आता पंचवीसहून अधिक वर्षे उलटली. कोणत्या मुलाला कोणती गोळी हे डॉक्टरच ठरवतील. वयात येणाऱ्या मुलीला व्हॅल्प्रोएट सुरू असेल तर मात्र डॉक्टरांना जरूर विचारावे, कारण पुढे गरोदरपणात त्याचा गर्भाला धोका असतो.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या जिव्हाळ्याची. ‘कोबी खाल्ला की डोक्यात किडा होतो’ ही बोलवा आपण ऐकतो आणि बाजारात कोबीवाल्याचे तोंड उतरते. खरे काय ते ऐका. सीटी स्कॅन आले तेव्हा झटके येणाऱ्या अनेकांच्या मेंदूत छोटी गोल गाठ दिसू लागली. ती क्षयाची समजून टीबीची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉ. चंडी, डॉ. राजशेखर आदींनी अशा गाठी काढून तपासल्या आणि १९८९ साली जाहीर केले की यातल्या पुष्कळ गाठी डुकरातल्या टेपवर्म या चपट्या जंताच्या अळीच्या आहेत.

हा जंत कोबीत राहत नाही. अळ्या असलेले डुकराचे कच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. माणूस उघड्यावर बसला की ती अंडी माती-पाण्यातून भाजीवर, हातावर आणि दुसऱ्याच्या पोटात जातात, तिथून रक्तावाटे मेंदूत. म्हणून आयुष्यात मांस न शिवलेल्या माळकऱ्याच्या नातवालाही ही गाठ होऊ शकते. कोबीवरची हिरवी अळी मेंदूत जात नाही. गुन्हेगार कोबी नव्हे, गुन्हेगार घाण आहे. गटाराचे पाणी भाजीला देऊ नये, कच्ची भाजी स्वच्छ पाण्याने धुवावी आणि संडासात शेतीची अवजारे न ठेवता संडास संडास म्हणूनच वापरावा.

या गाठीवर उपाय आहे. चंदीगडच्या पीजीआयमधील डॉक्टरांनी १९९८ साली मुलांवर चाचणी करून दाखवले की अल्बेंडाझोलने ती लवकर विरते. पण हे औषध मनाने घेऊ नये. गाठी जास्त असतील तर मेंदूला सूज येऊन जीव धोक्यात येतो. आणि मुळावर घाव घालता येतो हे पेरू देशाने दाखवले. तिथे १०७ खेड्यांत माणसांना जंताचे औषध, डुकरांना औषध आणि लस दिली. वर्षभराने १०५ खेड्यांत जंताचा फैलाव थांबलेला होता. ही चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. डुकरांची अशी लस आपल्या हैदराबादेतही तयार होते.

गावाने काय करावे?

झटका आला की पोराला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचे बटण सोडा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरा आला, तर गाडी काढा. गोळी एक दिवसही चुकवू नका आणि बरे वाटले म्हणून बंद करू नका. अचानक तोडली की आजार दुप्पट जोराने उसळतो. बहुधा दोन वर्षे झटका आला नाही की डॉक्टर हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. असे पोर विहिरीवर, तळ्यावर, झाडावर, चुलीपाशी एकटे नसावे. पण शाळेत मात्र गेलेच पाहिजे. गुरुजींनी ‘घरी ठेवा’ म्हणू नये.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळा तपासणाऱ्या त्याच्या पथकाच्या यादीत झटक्यांचा आजार आहे. पथक गावात येईल तेव्हा पोर लपवू नका, पुढे करा. पथकानेही वजन-उंची मांडून निघून न जाता ‘घरात कोणाला आकडी येते का?’ हे विचारावे.

सरपंच आणि पंचायतीच्या अधिकाऱ्यांना एकच मागणे आहे. गावात फेफऱ्याची मुले किती, हे आशाताईंकडून समजून घ्या. नावे चावडीवर वाचू नका, आकडा पुरे. त्या आकड्याला निदान तीन महिने पुरेल एवढी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात शिल्लक राहावी, असा ठराव ग्रामसभेत करा, तो तालुक्याला पाठवा आणि दर तिमाहीला विचारणा करा. खताची गोणी वेळेवर आली नाही तर आपण मोर्चा काढतो. पोराच्या गोळीसाठी एक अर्ज तरी करा.

आणि मुलीच्या लग्नाची काळजी? फेफऱ्याचे कारण दाखवून लग्न मोडण्याची जी मुभा हिंदू विवाह कायद्यात होती, ती १९९९ साली काढून टाकली. कायदा बदलून इतकी वर्षे झाली. आता गावाने चप्पल पायात ठेवावी आणि पोराला घेऊन दवाखान्याची वाट धरावी.