व्हिसा घरात, वाट बंद

मार्च २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली. नियमित सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. भोर-वेल्ह्यातल्या ज्या घरातून कुणी आखातात नोकरीला निघालं होतं, तिथं व्हिसा कपाटात राहिला आणि मुदत संपत गेली. सौदीने फेब्रुवारी २०२१मध्ये भारतासह २० देशांतून येणाऱ्यांना मनाई केली. थेट प्रवेश १ डिसेंबरला खुला झाला. तोवर मेडिकल पुन्हा, तिकीट पुन्हा, कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

लसीचाही पेच होता. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर होतं. जून २०२१मध्ये परदेशी शिक्षण-नोकरीसाठी जाणाऱ्यांना दुसरा डोस २८ दिवसांनंतर मिळू लागला, प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांकही येऊ लागला. ही माहिती वेळेत मिळणं फार मोलाचं होतं.

म्हणून पालकांना आम्ही सांगतो, मुलांना दहावी पास होऊ द्या. मग पासपोर्टवर ईसीआर लागत नाही, परवानगीची एक फेरी वाचते. दाखला, आधार, पासपोर्ट यांवर नाव एकच ठेवा. एजंटाची सरकारी नोंदणी तपासा, प्रत्येक रकमेची पावती घ्या. वाट पुन्हा अडली, तर पैसे परत मागायला हेच कागद कामी येतील.