शॉटगन, कुलूप आणि आपली पोरं

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी सात-आठ पोरं एसएससी जीडी आणि पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे ग्राउंड, दिवसा मिळेल ते काम, संध्याकाळी गणित आणि बुद्धिमत्ता. मधल्या वेळेत मोबाईलवर बंदुकांचे खेळ. मागच्या आठवड्यात त्यातला एक मला समजावून सांगत होता, "ताई, ही मास्टरकी. रायफलच्या नळीखाली शॉटगन बसवायची. माणूस लांब असला तर वरची, जवळ आला तर खालची."

बंदुकीचं त्याला सगळं पाठ होतं. मास्टरकी हे नाव का पडलं, तेवढं ठाऊक नव्हतं.

मास्टरकी म्हणजे कोणतंही कुलूप उघडणारी किल्ली. अमेरिकेतल्या नाईट्स आर्मामेंट या कंपनीने १९८० च्या दशकात रेमिंग्टन ८७० ही पंप शॉटगन आखूड करून एम-१६ च्या नळीखाली बसवली, ती मुख्यतः दार फोडण्यासाठी. घरावर छापा घालताना कडी-बिजागरी उडवायला शॉटगन लागते, पण आत शिरल्यावर हातात रायफल हवी असते. दोन बंदुका सांभाळण्यापेक्षा एकीच्या पोटाला दुसरी बांधली. काडतूसही खास असतं. धातूची भुकटी मेणासारख्या पदार्थात घट्ट बसवलेली असते. ती कुलूप फोडते आणि तिथेच विखुरते, म्हणजे निदान पलीकडचा माणूस तरी त्याच गोळीने मरू नये. याच वंशातली एम-२६ ही बंदूक अमेरिकी लष्कराने २०१२ च्या सुरुवातीला प्रत्यक्ष तुकड्यांना द्यायला घेतली. तिला पाच काडतुसांची पेटी असते आणि खटका हाताने मागेपुढे करायचा असतो. वेगळा दस्ता लावला की ती सुटीही वापरता येते.

पोरांना यातली यंत्राची हुशारी दिसते, आणि हुशारी आहेच. पण खेळातल्या दारामागे कायम दहशतवादी असतो. खऱ्या दारामागे कोण आहे हे दार फुटेपर्यंत बाहेरच्यालाही माहीत नसतं. ज्यांच्या वस्तीत मध्यरात्री कोम्बिंग झालंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मित्रांनो, शस्त्र क्रूर आहे की नाही हे शस्त्रावर ठरत नाही. ते कुणाच्या अंगावर चाललं यावर ठरतं. ही माझी भावना नाही, इतिहास आहे.

१८९९ साली हेग येथे 'सुसंस्कृत' राष्ट्रांची परिषद भरली. शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालायचा विषय होता. या गोळ्यांना जगभर दमदम म्हणत, कारण ब्रिटिशांनी त्या कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनवल्या होत्या. बंदीला विरोध करताना ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद काय होता? सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे हटतो, पण रानटी माणूस साध्या गोळीने थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी जबर गोळी लागते. बंदी झाली, पण ती करारात सामील राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धापुरती. वसाहतीतला माणूस त्या कागदावर नव्हताच. माणसांची प्रतवारी करून वेदनेचीही प्रतवारी करायची ही पद्धत आपल्याला कुणी शिकवायला नको.

शॉटगनचंही तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्याने फिलिपिन्समध्ये मोरो लोकांविरुद्ध ती वापरली, तेव्हा कुठल्या युरोपीय सरकारने निषेधाचा खलिता पाठवला नाही. मग पहिल्या महायुद्धात अमेरिकेने विंचेस्टर १८९७ ही बारा बोअरची पंप बंदूक फ्रान्समधल्या खंदकांत नेली. नळीवर हात भाजू नये म्हणून भोकांचं पत्र्याचं आवरण आणि पुढे संगीन. एका काडतुसात साधारण ८.४ मिलिमीटरचे ९ जाड छर्रे, आणि बंदुकीत अशी ६ काडतुसं. चाप दाबून धरून पंप मारत राहिलं की प्रत्येक पंपाला एक बार. खंदकाच्या अरुंद बोळात समोरच्याची काय गत होत असेल!

१९ सप्टेंबर १९१८ रोजी जर्मनीने निषेध नोंदवला. हेग नियमांतल्या २३ (ई) या कलमाने अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांना बंदी आहे, सबब शॉटगन किंवा तिची काडतुसं बाळगणारा कैदी सापडला तर त्याला जीव गमवावा लागेल. हे कोण म्हणत होतं? ज्यांनी एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडला होता ते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी उत्तर दिलं की बंदूक कायदेशीर आहे आणि आमच्या कैद्यांना हात लावलात तर आम्हीही बदला घेऊ. सहा आठवड्यांत युद्धच संपलं. वाद कोण जिंकलं याला माझ्या लेखी महत्त्व नाही. छर्रे युरोपीय देहात घुसले तेव्हाच त्यांच्या क्रूरतेवर दोन सरकारांत कायद्याची चर्चा झाली, एवढं लक्षात ठेवा.

आता आपल्या देशात या. काश्मीरमध्ये २०१० पासून जमावावर 'पेलेट गन' वापरली जाते. नाव खेळण्यासारखं असलं तरी ती बारा बोअरची पंप शॉटगनच आहे. फक्त काडतुसात ९ जाड छऱ्यांऐवजी शेकडो बारीक छर्रे असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे झाडले गेले, ही माहिती सीआरपीएफनेच उच्च न्यायालयात दिली. शेकडो माणसांच्या डोळ्यांना इजा झाली, त्यात शाळकरी मुलंही होती. नियम होता कमरेखाली नेम धरण्याचा. पण जे काडतूस फुटताच पसरतं त्याला नेम कसला? पुढे छर्रे वर जाऊ नयेत म्हणून बंदुकीच्या तोंडाशी डिफ्लेक्टर बसवायचं ठरलं. चूक नुसती चाप ओढणाऱ्याची असती, तर बंदूक बदलावी लागली नसती.

यावर आपल्यातलेच काहीजण मला विचारतात, "ताई, मग गोळ्या घालायच्या का? छर्रे परवडले." हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात छर्रे नव्हते, गोळ्या होत्या, आणि आपली १० माणसं गेली. त्या दिवशी छर्रे असते तर कदाचित काही जीव वाचले असते, हे मी कबूल करते. पण 'गोळी की छर्रा' असा प्रश्न विचारला की 'मुळात बार काढायची गरज होती का' हा प्रश्न पुसला जातो. शिवाय 'याने माणूस मरत नाही' अशी खात्री दिलेलं शस्त्र हात लवकर उचलायला लावतं. संयुक्त राष्ट्रांच्या कमी-घातक शस्त्रांबाबतच्या मार्गदर्शनातही एकाच वेळी अनेक छर्रे सोडणाऱ्या काडतुसांना जमावासाठी अयोग्यच मानलं आहे.

आणि एक विसंगती बघा. अश्रुधूर युद्धाचं साधन म्हणून शत्रूच्या सैन्यावर सोडायला १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने मनाई आहे. स्वतःच्या नागरिकांवर सोडायला मुभा आहे.

तरीही 'बंदूक वाईट, हात लावू नका' असला उपदेश मी पोरांना करणार नाही. तो आपल्याला शोभत नाही. चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांच्या हातून शस्त्र काढून घेतलं म्हणून इथे बंड होऊ शकलं नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त मांडलं. महारांची बंद झालेली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून ते झगडले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. वर्दी ही आपल्या घरांत अजूनही पहिली पक्की नोकरी असते. तिची ओढ मला कळते. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या वर्दीवर आमच्या दोन घरांची शिक्षणं झाली.

म्हणूनच ही गोष्ट मला आपल्या पोरांशीच बोलायची आहे. दिल्लीतला साहेब चाप ओढत नाही. दाराच्या एका बाजूला गरिबाचं पोर असतं आणि दुसऱ्या बाजूलाही बहुतेक वेळा गरिबाचंच.

त्या दिवशी मोबाईलवाल्या पोराने शेवटी विचारलं, "ऑर्डर आली तर काय करायचं, ताई?" मी त्याला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३० वं कलम सांगितलं, जे आता नागरिक सुरक्षा संहितेत १४९ वं आहे. जमाव पांगवताना सशस्त्र दलाने कमीत कमी बळ वापरावं, माणसाला आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ऑर्डर देणाऱ्यालाही ते लागू आहे. त्याने वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहून घेतला आणि विचारलं, "हे परीक्षेला येतं का?"

मी पाहिलेल्या प्रश्नपत्रिकांत तरी नव्हतं.