नोकरी गेली, ईयोब भेटला

‘जे होतं ते चांगल्यासाठीच होतं.’ हे वाक्य तुम्हाला आजवर किती जणांनी ऐकवलंय? अप्रेझल बोंबललं, ब्रेकअप झालं, फ्लॅटचं पझेशन लांबलं, की कुणीतरी पाठीवर हात ठेवून हे म्हणतंच. किरकोळ दुखण्याला ते क्रोसिनसारखं चालून जातं. पण घरावर खरोखरच काही कोसळलं ना, की हेच वाक्य दगडासारखं लागतं.

२०२३ मध्ये माझी नोकरी गेली. ‘रीस्ट्रक्चरिंग’ या गोंडस शब्दाखाली आमची अख्खी टीम एका दुपारी घरी! पंधराच दिवसांत पप्पांना पॅरालिसिसचा अॅटॅक आला. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपलेला. हॉस्पिटलचं बिल थेट एफडीवर. घराचा ईएमआय मात्र दर पाच तारखेला न चुकता हजर.

आम्ही वसईचे, घरात मराठी बोलणारे कॅथलिक. भेटायला येणारे लोक शहाळ्यांबरोबर कारणंही घेऊन यायचे. ‘देव परीक्षा बघतोय.’ ‘त्याचा काहीतरी प्लॅन असेल.’ एका काकूंनी तर हळूच विचारलं, ‘रविवारची मिस्सा चुकवत होतीस का गं?’

हॉस्पिटलच्या बाकावर वेळच वेळ असतो. मम्मीच्या पिशवीत बायबल होतं, आणि मी उघडलं ते ईयोबाचं पुस्तक. इंग्रजीत त्याच्या नावाचं आणि ‘जॉब’चं स्पेलिंग सेम टू सेम. बोला आता!

ईयोब हा सरळमार्गी, सुखवस्तू माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं जातात, दहा मुलं जातात. मग अंगभर फोड येतात. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. माझ्या मते त्यांनी केलेली ती सर्वांत चांगली गोष्ट. कारण तोंड उघडल्यावर ते सुरू होतात: तुझंच काहीतरी चुकलं असणार. म्हणजे आमच्या काकूच!

ईयोब मात्र ऐकून घेत नाही. भांडतो, देवाकडे जाब मागतो. शेवटी देव बोलतो, पण ‘का?’ याचं उत्तर देत नाही. समुद्र, तारे, रानातली जनावरं, असं अफाट जग तो ईयोबापुढे उभं करतो. आणि गंमत बघा, देव रागावतो ते मित्रांवर. शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट मिळतं, नवी मुलंही होतात. हा शेवट मला अजून पटत नाही. गेलेली मुलं थोडीच परत येतात?

पण एक गोष्ट पक्की कळली. श्रद्धा म्हणजे गप्प बसणं नव्हे. बायबलमधल्या १५० स्तोत्रांत गाऱ्हाण्यांची स्तोत्रं ढीगभर आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं. आणि क्रुसावरचा येशू २२व्या स्तोत्राची सुरुवात म्हणतो, तोही एक प्रश्नच आहे. मग हॉस्पिटलच्या जिन्यात मी देवाशी कडाकडा भांडले. त्या रात्री कित्येक दिवसांनी झोप लागली.

पप्पांना पॅरालिसिस का झाला, याचं कारण मला आजही माहीत नाही. पण कारण आणि अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि थोरली बहीण गेली. १८८२मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, तेव्हा पदरात तान्ही मुलगी. १८८३मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या माणसांना दुष्काळाने का नेलं, याला उत्तर नव्हतंच. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं. उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. १९२१मध्ये मुलगी मनोरमाही गेली, तरी १९२२मध्ये स्वतः जाण्याआधी त्यांनी ते काम संपवलं.

करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल जे सांगतो, ते साधारण असंच आहे: आपल्याला दुःखात जो धीर मिळाला, तो पुढे दुसऱ्याला देण्यासाठी असतो. मी काही रमाबाई नाही. माझा वाटा अगदी छोटा. सात महिन्यांनी मला नोकरी मिळाली, पप्पा आता काठी घेऊन अंगणात फिरतात. आणि ओळखीत कुणाला नारळ मिळाल्याचं कळलं, की मी संध्याकाळी त्याच्या घरी जाते. प्रवचन देत नाही. चहा पिते, तो बोलेल ते ऐकते. निघताना एवढंच सांगते की ग्रुप मेडिक्लेम संपण्याआधी त्याच विमा कंपनीकडे स्वतःच्या पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, आई-बाबांची नावं त्यात असतील तर उद्याच एचआरला मेल टाक. मला हे वेळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याही ऑफिसात एखादी खुर्ची अचानक रिकामी होईल. तेव्हा त्या मित्राला ‘चांगल्यासाठीच झालं’ असं नका म्हणू. जा, नुसते बसा त्याच्याजवळ. सात दिवस नको, एक संध्याकाळही पुरते.