कोल्ह्याचें लग्न

ऊन असतांनाच पावसाची सर आली म्हणजे ‘कोल्ह्याचें लग्न लागलें’ असें आपल्याकडे म्हणतात. जपानांतही अशा पावसाला नेमकें हेंच नांव आहे. भेद आहे तो कोल्ह्याच्या योग्यतेंत. आपला कोल्हा पंचतंत्रांतला, लबाड आणि शेवटीं फजीत होणारा. त्यांचा कोल्हा इनारी नामक धान्यदेवतेचा दूत, देवळाच्या द्वारीं बसणारा. आपल्याकडील डाकिनी बौद्ध धर्माच्या मागोमाग तिकडे गेली, ती तेथें पांढऱ्या कोल्ह्यावर आरूढ झाली आणि पुढें इनारीशीं जोडली जाऊन पूजेसही लागली. तेव्हां अशा कोल्ह्याच्या घरून एखाद्या मुलीस मागणी आली, तर ती हंसण्यावारी नेण्याची गोष्ट उरत नाहीं.

२५ सप्टेंबर २०२५ रोजीं निघालेला ‘सायलेंट हिल एफ’ हा व्हिडिओ गेम अशाच एका मागणीवर रचलेला आहे. या सदरांत आजवर ग्रंथ, नाटकें व क्वचित् चित्रपट यांचा परामर्श घेतला गेला. आज खेळाचा घेतों, याचें कोणास नवल वाटूं नये. ज्यांत कथानक आहे, पात्रें आहेत आणि एखादा रस परिपोषास नेण्याचा उघड संकल्प आहे, त्याला काव्याचीच कसोटी लावली पाहिजे. कथेचें रहस्य ज्यांना स्वतःच उलगडावयाचें असेल, त्यांनीं मात्र हें पान तूर्त मिटून ठेवावें.

या मालिकेचा पहिला खेळ कोनामी या जपानी कंपनीनें १९९९ सालीं काढला. त्या वेळच्या प्लेस्टेशन यंत्राला दूरवरचीं दृश्यें रेखाटणें झेपत नसे, म्हणून कर्त्यांनीं सारें गांव धुक्यांत बुडविलें. आणि पुढें तें धुकेंच मालिकेचें लक्षण होऊन बसलें. उणिवेचा अलंकार झाल्याचें इतकें चांगलें उदाहरण मला साहित्यांतही चटकन् आठवत नाहीं. या खेळांचे नायक योद्धे नसतात. पहिल्यांत हरवलेली मुलगी शोधणारा बाप आहे. २००१ सालच्या दुसऱ्यांत, मृत पत्नीचें पत्र आलें म्हणून निघालेला नवरा आहे. मालिकेचे आजवरचे मुख्य खेळ अमेरिकेंत घडत. हा प्रथमच जपानांत, १९६० नंतरच्या दशकांत, एबिसुगाओका नामक कल्पित गांवीं घडतो. गिफू प्रांतांतील कानायामा या खऱ्या गांवाचे अरुंद बोळ त्याला नमुना म्हणून घेतले आहेत. लेखन र्‍यूकिशी ०७ या टोपणनांवाच्या लेखकाचें, आणि बांधणी तैवानच्या निओबार्ड्स या संस्थेची.

नायिका हिनाको शिमिझु ही शाळकरी मुलगी. बाप मद्यपी व तापट, आई सोसणारी, थोरली बहीण लग्न होऊन गेलेली. एके दिवशीं घरांत भांडण होऊन ती बाहेर पडते, मैत्रिणींना व शू नांवाच्या बालमित्राला भेटते, आणि गांवावर धुकें उतरतें. त्या धुक्याबरोबर लाल फुलें पसरत येतात. हीं हिगानबाना नांवाचीं फुलें जपानांत शरत्संपाताच्या सुमारास, पितरांच्या स्मरणाच्या आठवड्यांत, थडग्यांच्या कडेनें फुलतात. आपला पितृपक्षही त्याच सुमाराचा. इतकें सुंदर फूल दिसतांच पाऊल मागें घ्यावेंसें वाटावें, ही किमया खरोखर वाखाणण्यासारखी आहे.

हिनाकोजवळ बंदूक नाहीं. लोखंडी नळी, पहार, कुऱ्हाड, जें सांपडेल तें ती उचलते. आणि कांहीं घाव घातले कीं तेंही मोडतें. साठी उलटलेल्या मनुष्याचे अंगठे कंट्रोलरवर कसे फिरत असतील याची कल्पना वाचकांनींच करावी. माझी नात शेजारीं बसून “आजोबा, मागें व्हा! आतां पळा!” असें ओरडत होती. अभिनवगुप्ताचार्यांनीं भयानक रसाचा विचार करतांना शाकुंतलांतील पळणाऱ्या हरिणाचें उदाहरण घेतलें आहे. तेथें सहृदयाला प्रतीत होणारें भय हरिणाचें एकट्याचें नसतें आणि त्याचें स्वतःचेंही नसतें; ‘मी भ्यालों’ असें झालें कीं रस भंगला. या कसोटीस खेळाचा आरंभ उतरत नाहीं. नळी मोडते तेव्हां जें वाटतें तें निव्वळ माझें भय असतें. त्याला धांदल म्हणावें, रस नव्हे.

रस येतो तो दोन ठिकाणीं. वाटेवर होकोरा नांवाचीं छोटीं देवळें लागतात. तेथें खेळ जतन करतां येतो, आणि पिशवींतील वस्तु अर्पण केल्या तर ‘श्रद्धा’ जमा होते. ती खर्चून अंगचें बळ वाढवितां येतें किंवा नशिबावर हवाला ठेवून एखादा ताईत काढतां येतो. पिशवी लहान, जखमेवरची पट्टी जवळ ठेवावी कीं देवाला द्यावी, हा प्रश्न दर वेळीं पडतो. नवसाचा हिशेब इतक्या स्पष्टपणें मांडलेला मीं अन्यत्र पाहिला नाहीं.

दुसरें ठिकाण म्हणजे अंधारांतलें देवस्थान. मूर्च्छा आली कीं हिनाको तेथें पोंचते आणि कोल्ह्याचा मुखवटा घातलेला एक तरुण तिला वाट दाखवितो. तो एकदांही आवाज चढवीत नाहीं. तेथें तिच्या हातीं काइकेन नांवाचा खंजीर येतो, पुढें नागिनाता हें लांब दांड्याचें शस्त्र येतें. काइकेन हा जपानी वधूच्या पोशाखाचा भाग आहे, आणि नागिनाता सामुराई घराण्यांतील स्त्रियांचें शस्त्र म्हणून प्रसिद्ध आहे. विशेष हें कीं, या देवस्थानांतील शस्त्रें मोडत नाहींत! गांवांत आपल्या हिमतीनें उचललेली नळी तुटते; सासरच्या उंबऱ्याच्या आंत मिळालेलें शस्त्र अभंग राहतें. खेळणाराला तेथें हायसें वाटतें, आणि तें वाटावें अशीच योजना आहे. मग एकेक विधि येतो. ती आपला उजवा हात करवतीनें तोडते. त्या जागीं कोल्ह्याचा हात येतो आणि तिचें बळ अनेक पटींनीं वाढतें. मग डागणी, आणि शेवटीं चेहराही जातो. कोणी तिला बांधून ठेवलेलें नसतें.

या प्रवेशांपैकीं एक चालू असतांना आमची सौभाग्यवती चहा घेऊन आली. रक्तपाताचा भाग तिनें पाहिला नव्हता; मुखवट्याचा तरुण हिनाकोला हात देऊन पायऱ्या उतरवीत होता तेवढेंच तिनें पाहिलें, आणि सहज म्हणाली, “मुलगा वागायला बरा दिसतो हो.” नातीनें खेळ थांबविला. आजीकडे पाहून ती कांहींच बोलली नाहीं. चारचौघांतली कोणतीही वडीलधारी बाई बोलली असती तेंच सौभाग्यवती बोलली होती. पण अभिनवगुप्त जें सांगतात तें भय मला त्या क्षणीं कळलें. तें हिनाकोचें नव्हतें आणि माझेंही नव्हतें.

मागणीचें कारण पुढें कळतें. बाप कर्जबाजारी आहे आणि सोयरीक करणारें घराणें श्रीमंत आहे. १९४७ साली अमलांत आलेल्या जपानच्या राज्यघटनेचें २४ वें कलम असें आहे कीं, विवाह केवळ उभयतांच्या संमतीनेंच व्हावा. त्या कलमाचा मसुदा बेआटे सिरोटा या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणीनें लिहिला होता. म्हणजे हिनाकोच्या काळीं कायदा होऊन दोन तपें होत आलीं होतीं. आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धांत जपानांतील प्रेमविवाहांची संख्या ठरवून केलेल्या विवाहांहून अधिक झाली. कथा नेमकी त्या वळणावर उभी केली आहे. संमति कागदावर आली होती. घरांत ती कोणत्या आवाजांत विचारली जाते हें कलमांत लिहितां येत नाहीं. मी शिक्षक असतांना एका हुशार विद्यार्थिनीनें बारावीच्या निकालाचे पेढे आणि लग्नाची पत्रिका एकाच दिवशीं आणून दिली होती. “स्थळ फार चांगलें आहे, सर,” असें ती म्हणाली, आणि मीं विचारण्यापूर्वींच म्हणाली.

दोष सांगावयाचे तर उत्तरार्धांत मारामारी फार झाली आहे. भीति वाटून झाल्यावर उरतो तो केवळ व्यायाम. मारामारी व कोडीं यांचें काठिण्य निरनिराळें ठरवितां येतें, म्हणून वयस्करांनीं मारामारी सोपी ठेवून कोडीं अवघड घ्यावींत. लहान मुलांना मात्र हा खेळ सर्वथा वर्ज्य. १८ वर्षांखालील मुलांस अयोग्य असा शिक्का जपानांत बसलेला हा या मालिकेंतला पहिलाच खेळ आहे, आणि आरंभींच त्यांत छळ, स्त्रियांविषयींचा पक्षपात इत्यादींची सूचना दिलेली आहे.

पहिल्या खेपेचा शेवट सर्वांना एकच मिळतो, आणि तो समाधानाचा नाहीं. पुन्हां आरंभ केला म्हणजे नवे कागद, नवे प्रवेश दिसूं लागतात, आईबापांविषयींचें मतही पहिल्यासारखें राहत नाहीं, आणि वाटा फुटतात. शेवट एकूण पांच. त्यांतल्या एकांत परग्रहवासी येतात. हा विदूषकी प्रघात १९९९ पासूनचा आहे आणि तो मोडला नाहीं हें बरें केलें.

माझी दुसरी खेप सध्यां निम्म्यावर आहे. डोकेदुखीवर शूनें दिलेल्या लाल कॅप्सूल हिनाको घेते कीं टाळते यावरही शेवट अवलंबून असतो. म्हणून या वेळीं त्या घ्यावयाच्या नाहींत असें नातीनें वसतिगृहाला जातांना बजावलें आहे. पिशवींत सात सांठल्या आहेत आणि पट्टी एकच उरली आहे.