तिनं सोडलं, की रस्ताच संपला?

‘इतकं छान खेळायचीस, मग सोडलंस का गं?’ मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्यापैकी कितीजणींनी ऐकलाय? शाळेत खो-खो गाजवलेली, कबड्डीसाठी जिल्ह्यापर्यंत जाऊन आलेली एखादी तरी वहिनी प्रत्येक गल्लीत असतेच. ती नुसती हसते आणि ‘चहा टाकते’ म्हणत आत निघून जाते. उत्तर तरी काय देणार?

परवा ‘द क्वीन ऑफ बास्केटबॉल’ हा छोटासा माहितीपट पाहिला आणि हाच प्रश्न पुन्हा समोर आला. अमेरिकेच्या लुशिया हॅरिसची ही गोष्ट. मिसिसिपी राज्यातल्या एका खेड्यात १९५५ मध्ये तिचा जन्म झाला. अकरा भावंडांतली ती दहावी. आई-वडील शेतात राबणारे, तिनंही लहानपणी कापूस वेचला. उंची सहा फूट तीन इंच! मुलं चिडवायची. पण रात्री सगळे झोपले, की ही पांघरुणाखाली लपून टीव्हीवर बास्केटबॉलचे सामने बघायची. मोठी स्वप्नं अशीच चोरून बघावी लागतात, नाही का?

पुढे डेल्टा स्टेट विद्यापीठाच्या संघात ती एकटीच कृष्णवर्णीय खेळाडू होती. या संघानं १९७५, ७६ आणि ७७ असं सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९७७ च्या एका सामन्यात तर तिनं एकटीनं ४७ गुण केले. त्याआधी १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदाच खेळलं गेलं. त्या स्पर्धेतली अगदी पहिली बास्केट कुणाची? आपल्या लुशियाची! अमेरिकेला रौप्यपदक मिळालं.

आणि मग १९७७ मध्ये न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या व्यावसायिक संघानं चक्क तिची निवड केली. पुरुषांच्या एनबीएमध्ये अधिकृत निवड झालेली ती पहिली स्त्री. पण ती चाचणीलासुद्धा गेली नाही. हा सगळा प्रसिद्धीसाठीचा खेळ आहे, असं तिला वाटलं. पुरुषांच्या धसमुसळ्या खेळात आपला निभाव लागेल याची खात्री नव्हती. शिवाय नुकतंच लग्न झालेलं आणि ती गरोदर होती. आपल्याला या नकाराचा पश्चात्ताप नाही, हे तिनं पुढे स्वच्छ सांगितलं.

ही गोष्ट ऐकली की बहुतेकजण हळहळतात. ‘अरेरे, केवढी संधी घालवली! बाईच्या जातीला संसार आडवा येतो तो असा!’ मला मात्र हे पटत नाही. मेख वेगळीच आहे. पुरुषांच्या संघात एक जागा, ही मुळात तिच्यासाठीची संधी नव्हतीच. तिच्याबरोबर ऑलिंपिक खेळलेल्या अ‍ॅन मायर्सनं १९७९ मध्ये पुरुषांच्या संघासाठी चाचणी दिली, पण तिची निवड झाली नाही. म्हणजे जिनं धाडस केलं, तिलाही दार उघडलं नाही. खरी संधी म्हणजे बायकांचे संघ, बायकांचे सामने आणि घर चालेल इतका पगार. तेव्हा तेच नव्हतं.

महिलांची एक व्यावसायिक लीग १९७८ मध्ये सुरू झाली. लुशिया त्यात ह्यूस्टनकडून एक हंगाम खेळलीही, पण ती लीग १९८१ मध्ये बंद पडली. आजची डब्ल्यूएनबीए मैदानात उतरली १९९७ मध्ये. तोवर लुशिया बेचाळीस वर्षांची झाली होती, चार मुलांची आई होती.

मधल्या काळात तिला ‘बायपोलर’ हा मनाचा आजार झाला. त्याचं खापर खेळ सुटण्यावर फोडणं बरोबर नाही, पण तिनं तो लपवला नाही हे महत्त्वाचं. स्वतःच्याच जुन्या शाळेत ती परत गेली, तिथं शिकवू लागली, मुलींना खेळ शिकवू लागली. सन्मान आले, ते उशिरानं. १९९२ मध्ये बास्केटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये तिचं नाव लागलं. जानेवारी २०२२ मध्ये ती गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी तिच्यावरच्या त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं.

म्हणून मला वाटतं, ‘तू का सोडलंस?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं असेल तर ‘तुझ्यासाठी पुढे होतं काय?’ असं विचारायला हवं. लेक शाळेतून ट्रॉफी घेऊन आली, की आपण ती शोकेसमध्ये ठेवतो, पेढे वाटतो. दहावी झाली, की ‘आता पुरे’ म्हणतो. तिचा खेळ संपलेला नसतो, आपणच संपवलेला असतो. पुढच्या वेळी पेढे जरूर वाटा, पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना एवढं विचाराच, ‘सर, मुलींसाठी पुढे काय आहे?’ उत्तर नसेल, तर चार जणी मिळून पुन्हा विचारा.

आणि हो, गल्लीतल्या त्या वहिनीला एकदा मैदानावर घेऊन जा. चहा दुसऱ्या कुणीतरी टाकेल.