ऑस्करचा अंदाज आणि दारावरचा पहारा

डिसेंबर-जानेवारी आला की निवडणूक आणि क्रिकेटच्या जोडीला आणखी एका अंदाजाला ऊत येतो. ऑस्करच्या नामांकनात कोण बसणार? मालवण-कसाल रस्त्यावरच्या आमच्या कट्टा बाजारात, चहाच्या टपरीवर, २०२५ च्या अखेरीस ही चर्चा रंगली. त्याला कारणही तसेच होते. भारताने पाठविलेला चित्रपट होता नीरज घायवान यांचा 'होमबाउंड'. आपण दलित आहोत हे हिंदी चित्रपटसृष्टीत उघडपणे सांगणारा हा दिग्दर्शक. चंदन हा दलित तरुण, शोएब हा मुस्लिम तरुण, दोघांचे पोलीस भरतीचे स्वप्न आणि टाळेबंदीतला घरचा रस्ता, अशी ही कथा. डिसेंबर २०२५ मध्ये चित्रपट पहिल्या पंधरांत आला आणि वस्त्या-वस्त्यांतील तरुणांच्या आशा उंचावल्या. जानेवारी २०२६ मध्ये अंतिम पाच जाहीर झाले. त्यांत तो नव्हता.

हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु अंदाज हा हळहळीवर चालत नाही. अंतिम पाचांकडे नीट पाहा. ब्राझील, फ्रान्स, नॉर्वे आणि स्पेन यांनी पाठविलेले चारही चित्रपट २०२५ च्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत पारितोषिके घेऊन आले होते. पाचवा ट्युनिशियाचा 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब', तो व्हेनिसचे मोठे पारितोषिक घेऊन आला. शिवाय त्या चारही चित्रपटांचे अमेरिकेतील वितरण निऑन या एकाच कंपनीकडे होते! मतदारांसाठी खेळ लावणे, जाहिराती देणे, कलावंतांना शहरोशहरी फिरविणे हे काम वितरक करतो. 'होमबाउंड'ही कानमध्ये होता, पण मुख्य स्पर्धेबाहेरच्या विभागात आणि पारितोषिकाविना. धर्मा प्रॉडक्शन्ससारखी बडी संस्था पाठीशी असूनही तो पाचांत पोहोचला नाही.

मग ज्यांच्या पाठीशी कोणीच नसते त्यांचे काय? आमच्या सिंधुदुर्गाला हे चांगले ठाऊक आहे. संदीप सावंत यांच्या 'श्वास' चित्रपटातले आजोबा आणि डोळ्यांचा कर्करोग झालेला नातू कोकणातलेच, आणि त्याचे चित्रीकरणही या जिल्ह्यात झालेले. (गंभीर दुखणे आले की आमची माणसे आजही गोव्यातले बांबोळी गाठतात, ते वेगळे.) २००४ मध्ये हा चित्रपट ऑस्करला निघाला तेव्हा अमेरिकेतील प्रचारासाठी निर्मात्यांकडे पैसा नव्हता. अखेर लोकवर्गणी झाली, शाळकरी मुलांनीही पैसे जमवून दिले. राष्ट्रीय पारितोषिकात देशात पहिला आलेला हा चित्रपट २००५ च्या नामांकनात आला नाही.

तरीही सारा दोष अमेरिकेच्या पैशाला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. पहिले दार घरचेच आहे. ९८ व्या पुरस्कारांपर्यंत परदेशी भाषेच्या या गटात एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा असा रिवाज चालत आला आणि आपल्याकडे तो निवडते फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती. २०२४ साली पायल कपाडिया यांच्या 'ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट'ने कानच्या मुख्य स्पर्धेत ग्रां प्री पटकावले होते. त्यात बिल्डरने बेघर केलेली, रत्नागिरीकडे गावी परतणारी रुग्णालयातील स्वयंपाकीण छाया कदम यांनी उभी केली आहे. वरचे गणित लावले तर भारताकडे याहून भक्कम उमेदवार नव्हता. १३ जणांच्या समितीने तो बाजूला ठेवून 'लापता लेडीज' पाठविला. बायकांच्या कहाण्यांचा निवाडा करणाऱ्या त्या समितीत एकही स्त्री नव्हती. 'लापता लेडीज' पहिल्या पंधरांतही आला नाही. योगायोग असा की त्यातही छाया कदम होत्याच.

या गटात भारताला आजवर तीनच नामांकने मिळाली. 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि २००२ मध्ये 'लगान'. 'लगान'मधील अस्पृश्य खेळाडूचे नाव काय? कचरा. त्याला संघात घ्यावे की नाही याचा वाद इतरांनी घालायचा, त्याने फक्त चेंडू फिरवायचा. उलट 'कोर्ट'मधील लोकशाहीर नारायण कांबळे स्वतः बोलतो, गातो आणि त्यासाठी तुरुंगात जातो. ती भूमिका करणारे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार २०२१ मध्ये कोरोनाने गेले. 'कोर्ट' २०१५ मध्ये पाठविला गेला, पण पुढच्या फेरीत शिरला नाही.

आता दुसरे पान उघडा. माहितीपटांच्या गटात देशाच्या समितीचा दाखला लागत नाही. ठरलेल्या अटी पूर्ण करून चित्रपटकर्ते थेट स्पर्धेत उतरू शकतात. तिथे काय घडले? बुंदेलखंडातील दलित स्त्रियांनी चालविलेल्या 'खबर लहरिया'वरच्या 'रायटिंग विथ फायर'ला २०२२ मध्ये नामांकन मिळाले. २०२३ मध्ये 'ऑल दॅट ब्रीद्स', २०२४ मध्ये झारखंडच्या एका बापाची न्यायासाठीची झुंज सांगणारा, कॅनडात निर्मित 'टू किल अ टायगर'. लागोपाठ तीन वर्षे! आणि समितीच्या दाराने २००२ पासून एकही नाही. अर्थात, 'रायटिंग विथ फायर'मधील आपले चित्रण अपुरे आणि एकांगी असल्याची तक्रार 'खबर लहरिया'च्या पत्रकारांनीच जाहीरपणे केली होती. कॅमेरा कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न दार उघडल्यावरही शिल्लक राहतोच.

१९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी मतांच्या प्रतिनिधित्वाबरोबर माणसांचे प्रतिनिधित्वही मागितले होते. चित्रपट निवडणाऱ्या समितीला हा न्याय का लावू नये? समितीवर दलित, आदिवासी, भटके-विमुक्त आणि स्त्रिया किती, कोणी कोणत्या चित्रपटाला मत दिले, हे फेडरेशनने जाहीर करावे.

पुढच्या हंगामाबद्दल विचाराल तर नाव सांगणे सध्या व्यर्थ आहे. समितीची यादी हाती येऊ द्या, अमेरिकेत चित्रपट कोणी विकत घेतला ते कळू द्या, मग बोलू. तोवर माझा कौल माहितीपटाच्या बाजूने.