शहापूर की मुरबाड?

"रिटायर झालास की मुरबाडलाच ये," आत्या दर गणपतीत बजावते. आमच्या शहापूरचा हुकमी एक्का म्हणजे आसनगाव स्टेशन. मुरबाडकरांना लोकल पकडायची तर आधी एसटीने कल्याण गाठा! या जोरावर मी वर्षानुवर्षं मिरवलं.

पण भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात. पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर. भाजीवाल्या मावशी सांगत होत्या, टँकरची वाट बघण्यात अर्धी रात्र जाते. त्यांना लोकलचं काय कौतुक? (मुरबाडच्या पाड्यांवरही पाण्याची बोंब असतेच, आत्या ते सांगत नाही!)

तरी घर शहापूरलाच बांधणार. मुलं मुंबईत आहेत, शेवटच्या कसारा लोकलने का होईना, येतील. आत्यापुढे मिरवणं मात्र आता जमत नाही.